पड आमची, पदवी कुणाची?



गेल्या भीमजयंतीला आमच्या गोवंडीच्या वस्तीत माझा सत्कार ठेवला होता. मंडप, निळे झेंडे, कर्ण्यावर गाणी. पोरगा स्कॉटलंडला जाऊन एम.एस्सी. होऊन आला म्हणून टाळ्या पडल्या. मग सूत्रसंचालकाला काय बुद्धी झाली कोण जाणे, त्यानं माईकवर विचारलं, विषय काय? मी म्हणालो, पशुविज्ञान. म्हंजे? म्हंजे गाई, म्हशी, मेंढ्या. त्यांचा चारा, त्यांची पैदास, त्यांचे रोग, त्यांचं मरण. टाळ्या तिथंच विरल्या. पुढच्या रांगेत आमचे एक जुने कार्यकर्ते बसले होते. नामांतराच्या लढ्यात पोलिसांच्या लाठ्या खाल्लेला माणूस. बसल्या जागेवरून मोठ्यानं म्हणाले, "बाबासायबांनी ढोरं सोडा म्हणून सांगितलं, आन् ह्यो सायबाच्या देशात जाऊन परत ढोरातच हात घालून आला!"

मंडप हसला. मीही हसलो. पण त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. हा लेख त्या काकांना उत्तर आहे. काकांना मी मान देऊनच उत्तर देणार. बाकी ज्यांना उत्तर द्यायचंय त्यांना मान द्यायचं काही कारण मला दिसत नाही.

आधी काकांचं बरोबर काय ते कबूल करतो. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेली ढोरं ओढू नका, मेलेल्याचं मांस खाऊ नका असं सांगितलं. का सांगितलं, ते मला कुणी शिकवायला नको. करमाळा तालुक्यातल्या आमच्या गावात बैल मेला की महारवाड्यात निरोप यायचा, तो विनंतीचा नसायचा. रात्र असो, पाऊस असो, घरात बाळंतीण असो, आज्याला उठावंच लागायचं. ओढायची मजुरी नाही. जे मांस निघेल तीच मजुरी. आणि ज्या ढोराच्या शेणानं यांची घरं पवित्र व्हायची तेच ढोर मेल्यावर ओढलं म्हणून आज्या विटाळाचा. तेव्हाही हिशेब मांडणारे शहाणे निघाले होते. कातडी इतक्याची, हाडं इतक्याची, शिंगं इतक्याची. सोडू नका, नुकसान होईल म्हणणारे. बाबासाहेबांनी त्यांना सांगितलं, एवढा फायदा आहे तर मग तुम्हीच करा हे काम. एकानंही दोराला हात लावला नाही.

आज्या १९५६ ला नागपूरहून दीक्षा घेऊन आला आणि त्यानं सुरी विहिरीत टाकली. ही गोष्ट आमच्या घरात लग्नाकार्याला सांगितली जाते. ती सुरी परत काढायला मी विहिरीत उतरलोय असं ज्यांना वाटतं, त्यांनी पुढं वाचावं.

सुरी आज्यानं टाकली. पण डोक्यातलं काय करायचं? आजी अजून आहे. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई. लहानपणी ती सांगायची, नाकातोंडातून काळं रक्त आलं आणि ते गोठत नसलं तर त्या ढोराला सुरी लावायची नाही, ती फाशी. पावसाळ्यात तरणं वासरू लंगडायला लागलं आणि मांडीवर दाबल्यावर आतून कुरकुर आवाज आला तर तो फऱ्या. तळ्याकाठच्या पाणथळीत चरणाऱ्या ढोराचं काळीज आधी चिरून बघायचं, आत चपटे किडे असले तर टाकून द्यायचं. मला वाटायचं, म्हातारी बडबडते. पुढं पशुवैद्यकाच्या पहिल्या पदवीला गेलो तेव्हा तीच बडबड हजार पानांच्या इंग्रजी ग्रंथात सापडली. फाशी म्हणजे अँथ्रॅक्स. कुरकुर आवाज ही फऱ्याची नेमकी खूण. चपटा किडा म्हणजे लिव्हर फ्लूक, आणि तो पाणथळीतल्या गोगलगायीतून येतो म्हणून तळ्याकाठची ढोरं. ग्रंथाच्या शेवटी दहा पानं आभार होते. माझ्या आजीचे नव्हते.

त्या कॉलेजात, नाव सांगत नाही, एक चीरफाडीचा हॉल होता. मढं उचलून टेबलावर ठेवायचा, सोलायचा, आतडी सोडवायचा तो एक शिपाई. सगळे त्याला मामा म्हणत. प्राध्यापक काठी घेऊन चार हातांवर उभे राहायचे आणि काठीनं दाखवायचे, ही प्लीहा, हे यकृत. एकदा काठी चुकली. मामानं हळूच काठीच्या टोकाखाली बरोबर अवयव सरकवला. वर्ग हसला नाही, कारण वर्गाला कळलंच नाही. मला कळलं. त्या हॉलमध्ये विषय येणारा एकच माणूस होता आणि त्याला पगार चतुर्थ श्रेणीचा होता. मामा कोणत्या वस्तीतला होता हे तुम्हाला सांगायला हवं का?

हेच या देशाचं पशुविज्ञान. हात आमचे, काठी त्यांची.

परदेशात शिकायला केंद्र सरकारची आपल्या पोरांसाठी शिष्यवृत्ती आहे. १९५४-५५ पासून चालत आलेली. बाबासाहेब १९१३ ला बडोद्याच्या पैशावर न्यूयॉर्कला गेले, कोलंबियात त्यांनी शिकता शिकता जातीवर निबंध वाचला, हे आपल्या पोरापोराला पाठ आहे. आता २०२२ ची गोष्ट ऐका. त्या वर्षी या शिष्यवृत्तीच्या नियमांत नवीन कलम आलं. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास, भारतावरचं सामाजिक संशोधन, या विषयांना पैसे मिळणार नाहीत. म्हणजे आज एखादा भीमराव बाहेर जाऊन जातीवर लिहायला निघाला तर त्याचा अर्ज टपालातच मेला. इथं बसूनच करा म्हणतात. चोराच्या घरात बसून चोरीचा पंचनामा करा!

माझा अर्ज पास झाला. का? मी गाय मागितली होती. गाईत त्यांना जात दिसली नाही. आंधळे साले. या देशात गाय उभी असते तोवर देवी असते. आडवी झाली की तिला कोण ओढणार, कोण सोलणार, कोण खाणार, कोण नाक दाबून लांबून जाणार, यात सगळी जातव्यवस्था उघडी पडते. जातीचा अभ्यास करायचा तर स्मृती कशाला, एक मेलेली गाय पुरे.

तर स्कॉटलंड. पाऊस, मेंढ्या, परत पाऊस. आठवड्याला वीस तास काम करायची परवानगी, ते वीस तास भांडी घासण्यात गेले. ते रडगाणं इथं गात नाही. वर्गातलं सांगतो.

पहिल्याच प्रात्यक्षिकाला आम्हाला गाईच्या अंगावर हात ठेवायला लावला. कमरेच्या हाडांवर, शेपटीच्या मुळाशी. किती मांस, किती चरबी, बोटांनी चाचपून एक ते पाच गुण द्यायचे. त्याला तिकडं मोठं शास्त्रीय नाव आहे. गावाकडं बाजारात ढोर घेताना म्हातारी माणसं हेच करतात आणि गुण तोंडानं देतात, शिवीसकट. दुसऱ्या महिन्यात शवविच्छेदनाची खोली. शिकवायला बाई होत्या, नावाजलेल्या. गमबूट, रबरी एप्रन घालून आल्या आणि सुरी स्वतःच्या हातात घेतली. गाय डाव्या कुशीवर पाडली, म्हणजे मोठा कोठा खाली जातो आणि बाकीचं हाताशी येतं. तासाभरात बाईंनी गाय सगळी मोकळी केली. मग पाण्याचा पाइप घेऊन फरशीही धुतली. त्यांच्याबरोबरचा मदतनीस आणि त्या एकाच टेबलावर चहा प्यायला बसले. मी बघत राहिलो. चहा बघत राहिलो, गाय नव्हे.

त्या रात्री आजीला फोन लावला. ती पहिलं हेच विचारते, जेवलास का? मग म्हणाली, "तिकडं ढोर कंच्या कुशीवर पाडत्यात?" म्हटलं, डाव्या. गप्प झाली. मग म्हणाली, "मंग बराबर हाय त्यांचं."

आता एक शब्द. शेतावर आपोआप मेलेल्या जनावराला तिकडं कायद्याच्या भाषेत 'फॉलन स्टॉक' म्हणतात. पडलेला माल. वाचलं आणि खुर्चीतून उठलोच. अरे, ही तर आपली पड! पडीचं मटण, पड ओढणं, पड वाटणं, ज्या शब्दानं आपल्या तीन पिढ्यांच्या माना खाली गेल्या तोच शब्द तिकडं कायद्यात छापलेला. पण त्यांच्या पडीची व्यवस्था बघा. बहुतेक ठिकाणी शेतात पुरायला २००३ पासून बंदी. परवाना असलेला माणूस ट्रक घेऊन येतो, ट्रकवर यारी असते, मढं उचलतो आणि शेतकऱ्याला बिल देतो. पुन्हा वाचा. ज्याचं ढोर मेलं तो पैसे देतो, जो ओढतो तो पैसे घेतो. एवढी साधी गोष्ट आमच्या गावाला हजारो वर्षांत सुचली नाही. असल्या ट्रकवाल्याशी मी बोललो. त्याची पोरगी कोणाच्या घरात लग्न करून गेली, तिला कुणी विचारलं का तुझा बाप काय करतो, असं मी विचारलं. त्याला प्रश्नच कळला नाही. मला वाटलं माझं इंग्रजी कच्चं.

आणि ते फाशीचं. आपल्याकडं पड फाडताना फाशीनं किती माणसं मेली त्याचं कुठं रजिस्टर नाही. उलट उत्तरेत एकोणिसाव्या शतकात ढोरं साथीनं मरायची आणि चांभारांवर आळ यायचा, कातड्यासाठी यांनीच विष घातलं. खटले भरले गोऱ्या साहेबानं, आणि जमीनदारानं मान डोलावली. त्याच काळात त्याच साहेबाच्या देशात, ब्रॅडफर्ड नावाच्या लोकरीच्या गावात, लोकर निवडणारे कामगार याच रोगानं मरत होते. तिथं काय झालं? लोकर निवडणाऱ्यांचा रोग म्हणून त्या रोगाला कामगारांचं नाव मिळालं. डॉक्टरांनी छडा लावला. १९१९ ला कायदा झाला. सरकार एकच, जंतू एकच. तिकडं मरणारा कामगार ठरला, इकडं मरणारा गुन्हेगार.

एडिंबरामधलं पशुवैद्यकाचं कॉलेज १८२३ ला निघालं. काढणारा विल्यम डिक. त्याचा बाप कोण? नालबंद. घोड्याला नाल ठोकणारा. नालबंदाच्या पोरानं बापाचं कसब वर्गात नेलं आणि आज दोनशे वर्षांनी जगभरची पोरं लाखो रुपये मोजून तिथं शिकायला जातात. आपल्या मुंबईत पशुवैद्यकाचं कॉलेज १८८६ ला निघालं. तेव्हा ज्यांना ढोर आतून माहीत होतं ते गावकुसाबाहेर होते आणि त्यांच्या पोरांना शाळेच्या दारात उभं करत नव्हते. मी पुन्हा पुन्हा हेच म्हणतोय काका. आपल्याकडूनही एक डिक निघाला असता. निघू दिला नाही.

तुम्ही म्हणाल, हा गोऱ्यांचा भाट होऊन आला. थांबा. गोऱ्यांची पडही मी उलटी करून बघितली आहे. गवत खाणाऱ्या जनावराला यांनी गाई-मेंढ्यांच्याच हाडामांसाचा भुगा चारला, स्वस्त प्रथिनं म्हणून. १९८६ ला गाई वेड्या होऊन पडायला लागल्या. एक लाख ऐंशी हजारांवर गाईंत तो रोग सापडला. सरकार वर्षानुवर्षं सांगत राहिलं, बीफ खा, काही होत नाही. २० मार्च १९९६ ला पार्लमेंटात कबूल करावं लागलं की माणसांनाही होतो. ब्रिटनमध्ये १७८ माणसं गेली. नफ्याला जात नसते, पण त्याला माणूसही दिसत नाही. आणि आज तिथल्या कत्तलखान्यांत उभं राहून तपासणी करणारे बहुतेक पशुवैद्य परदेशी आहेत, स्पेनचे, रुमानियाचे. गोऱ्या पोराला पशुवैद्य होऊन कुत्र्यामांजरांचा दवाखाना हवा. रक्ताच्या फरशीवर उभं राहायला बाहेरचा माणूस. तिथं विटाळ नाही, पण ही वाटणी ओळखीची वाटली मला.

त्यांच्याच १९७९ च्या एका समितीनं पाळीव जनावरांची पाच स्वातंत्र्यं सांगितली. आम्हाला ती घोकावी लागायची. भूक-तहानेपासून मुक्ती. गैरसोयीपासून मुक्ती. दुखणं, जखम, रोग यांपासून मुक्ती. आपल्या स्वभावानुसार वागायची मोकळीक. भीती आणि क्लेश यांपासून मुक्ती. परीक्षेत प्रश्न आला, तुमच्या देशातलं एक उदाहरण घेऊन चर्चा करा. सगळ्यांनी म्हशी लिहिल्या, कोंबड्या लिहिल्या. माझ्या डोळ्यापुढं मात्र देवनारच्या कचऱ्याच्या डोंगरावर चढणारी बाया-पोरं. पाच बोटं मोजली, पाचही मिटली. मी म्हशीच लिहिल्या. मार्क हवे होते. या भित्रेपणाची लाज अजून वाटते म्हणून इथं लिहितोय.

आता आपल्या देशबांधवांकडं येतो. सहा पोरांचा फ्लॅट, चार भारतीय. आठव्या दिवशी एकानं विचारलं, पूर्ण नाव काय? मग, गाव कुठलं? मग, गावात घर कुठल्या बाजूला? सात हजार किलोमीटर विमानानं आलेला माणूस, पण सामानात गावकूस घेऊन आला होता. मग फर्मान निघालं, फ्रिजमध्ये बीफ नको, तव्याला बीफ लागायला नको. फर्मान काढणारा कोण? माझ्याच वर्गातला, मांसाच्या प्रतीचा अभ्यास करणारा! दिवसभर कत्तल केलेल्या गाईंना ई, यू, आर, ओ, पी असे दर्जे द्यायचा, चरबीची जाडी मोजायचा, तक्ते भरायचा. संध्याकाळी हात धुऊन आला की माझ्या तव्याचा विटाळ. मी म्हणालो, दोस्ता, तू दिवसा चाळीस गाईंना मार्क देतोस आणि रात्री माझ्या एका तुकड्यानं बाटतोस? तर म्हणाला, "ते प्रोफेशनल आहे." हा शब्द लक्षात ठेवा. त्यांनी मेलेल्या गाईला हात लावला की प्रोफेशन. आपण लावला की उना.

उना विसरलात? २०१६ चा जुलै, गुजरात. मेलेली गाय सोलत होते म्हणून आपल्या पोरांना गाडीला बांधून, कपडे काढून, भर बाजारात लोखंडी सळ्यांनी मारलं. त्यानंतर तिथल्या भावांनी पड उचलणं बंद केलं. सुरेंद्रनगरला मढी नेऊन कलेक्टर कचेरीपुढं टाकली. आठवडाभरात सगळ्या गोपुत्रांना कळलं की आई मेल्यावर कोण लागतं.

ब्रिटनमध्येही मी दाद मागायला कुठं जाणार होतो? २०१३ ला तिथल्या पार्लमेंटनं समानतेच्या कायद्यात जात घाला म्हणून सरकारला बांधलं. २०१८ ला सरकारनं कायदा बदलणार नाही म्हणून हात वर केले. कुणाच्या संघटनांनी विरोध केला ते शोधा. आपलेच देशबांधव. मी तवा वेगळा घेतला. हरलो म्हणा. परीक्षा तोंडावर होती.

काका, आता तुमच्याशी दोन शब्द. आपण ढोरं सोडली ते बरोबरच केलं. फुकटची सक्ती सोडली, लाचारी सोडली. पण आपण सोडल्यावर ढोराचं काय झालं ते बघा. आपल्या हातातून पड गेली आणि त्यांच्या हातात अभ्यासक्रम आला. २०१५ ला महाराष्ट्रात बैल कापायलाही बंदी झाली, पाच वर्षं तुरुंग. देवनारजवळच्या आपल्या गल्लीतल्या किती चुली त्यावर होत्या, तुम्हाला माहीत आहे. बंदीच्या बाजूनं शास्त्र सांगायला कोट घातलेले लोक पुढं आले. भाकड बैल पोसायला एका कोरडवाहू शेतकऱ्याला किती चारा लागतो, हे आकडे घेऊन आपला एक तरी पदवीधर उभा होता का? २०१९ ला केंद्रानं कामधेनू आयोग काढला. त्यानं २०२१ च्या फेब्रुवारीत देशभर गोविज्ञानाची परीक्षा ठेवली. अभ्याससाहित्यात काय? कत्तलीमुळं भूकंप होतात! शास्त्रज्ञांनी ओरड केली म्हणून परीक्षा झाली नाही. ज्या विषयात माझ्या आजीला तोंडी परीक्षेत शंभरपैकी शंभर मिळाले असते, त्या विषयाचा पेपर हे काढणार आणि तुमची-माझी नातवंडं तो सोडवणार?

म्हणून मी ढोरात हात घातला. निरोप आला म्हणून नाही घातला. मला वाटलं म्हणून घातला, हातमोजे घालून, महिन्याचा पगार घेऊन, आणि निदान लिहून खाली सही करायचा अधिकार घेऊन. उद्या एखाद्या गावात गाय मेली आणि जमाव कुणाच्या तरी दारात जाऊन उभा राहिला, की मेली की मारली, हे कागदावर लिहिणारा पशुवैद्य कोण आहे यावर कुणाचा जीव वाचतो आणि कुणाचा जातो. त्या कागदाखाली कुणाची सही हवी, तुम्हीच सांगा.

काका मागच्या आठवड्यात घरी आले होते. पटलं म्हणाले नाहीत. आजीशी तासभर बोलत बसले, जाताना त्यांच्या नातवाची बारावीची मार्कलिस्ट माझ्या टेबलावर ठेवून गेले. जीवशास्त्रात एक्क्याऐंशी.

ज्यांची पोरं बारावीला शास्त्र शाखेत आहेत त्यांनी दर रविवारी सकाळी दहानंतर वस्तीतल्या वाचनालयात यावं. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, दोन फोटो. पदवीवाल्यांनी परदेशाच्या शिष्यवृत्तीचे कागद आणावेत, नियम दरवर्षी बदलतात, एकत्र बसून वाचू. मी बाराला निघतो, दुपारी तबेल्यावर ड्यूटी असते.